१८३० चं जपानी फुलांचं चित्र म्हणून इंकजेटची प्रिंट गळ्यात मारतात

‘होन्झो झुफु’ या जपानी वनस्पतिकोशाची सुटी पानं ‘१८३० चा मूळ लाकडी ठसा’ म्हणजे लाकडी ठशाने छापलेलं मूळ चित्र म्हणून ऑनलाइन विकली जातात. पैसे भरून झाल्यावर आमच्याकडे तपासायला आलेलं असंच एक पान इंकजेटवर छापलेलं निघालं. कोपऱ्यात कसरीने पाडलेलं भोक दिसत होतं, पण बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत. भोकसुद्धा छापलेलं!

या कोशाचे स्कॅन जपानच्या राष्ट्रीय संसद ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात फुकट बघायला मिळतात. त्यामुळे नक्कल करायला काहीच कष्ट नाहीत.

इवासाकी त्सुनेमासाने हा कोश १८२८ मध्ये पुरा केला. त्यात सुमारे २००० वनस्पती आहेत. ठशांवर छापले गेले ते सुरुवातीचे मोजकेच खंड. बाकीचे हाताने नकलून दिले जात. म्हणून पुढच्या खंडातलं पान ‘१८३० चा ठसा’ असूच शकत नाही. विसाव्या शतकात ठशांवर पुनर्मुद्रण झालं, तेही जुनं म्हणून खपवतात.

दहापट भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे बारीक ठिपके दिसले की ती प्रिंट. ठशाचा रंग तंतूंत मुरतो, मागून झिरपलेला दिसतो. अशा पुस्तकाचं पान मधोमध दुमडलेलं असतं आणि उलगडल्यावर बाहेरच्या कडांना शिवणीची भोकं असतात. घडी किंवा भोकं नसतील तर कारण विचारा. चहात बुडवलेला कागद सगळीकडे सारखाच पिवळा होतो, खरा कडांना जास्त काळवंडतो. पाण्याचा थेंब टाकून मात्र कधीच तपासू नका, चित्र खरं असेल तर रंग कायमचा फुटेल.

आमच्याकडे आलेल्या पानासोबतच्या चिठ्ठीत ‘करडईच्या लाल रंगाने रंगवलेलं, पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर टांगलेलं’ असं होतं. जपानमधल्या मोगामी नदीच्या खोऱ्यात करडईच्या पाकळ्या आंबवून वड्या करत, त्यातून ओठांचा आणि रेशमाचा लाल रंग काढत, हे खरं. पण तो रंग उजेडात उडतो. बंद पुस्तकात टिकेल. इतकी वर्षं भिंतीवर राहून इतका लालभडक राहणं शक्य नाही.

पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा, उजेडासमोर धरलेल्या पानाचा आणि घडीचा फोटो मागा. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर घेऊ नका. पैसे गेले असतील तर जाहिरातीचे, चॅटचे स्क्रीनशॉट ठेवून लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेलाही लेखी कळवा.