740 किलोमीटरनंतर: जाड कुशनच्या रोजच्या बुटांचा अनुभव

धावण्यासाठीचा जाड कुशनचा बूट पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आवडतो. घरातल्या घरात चार पावलं टाकली तरी गादीवर चालल्यासारखं वाटतं. पण तो खरा कसा आहे हे कळतं पंचविसाव्या किलोमीटरला, पाय थकल्यावर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना. म्हणून मी लिहायची घाई केली नाही. आता आठ महिने झालेत आणि डायरीत या जोडीच्या नावावर 740 किलोमीटर जमा आहेत.

मी आठवड्यातून चारदा धावते. त्यातला रविवारचा लाँग रन (लांब अंतराचं धावणं) आणि आठवड्यातला एक ईझी रन (आरामात धावणं) या बुटांवर असतो. टेम्पो (सलग वेगात धावणं) आणि इंटरव्हल (मध्ये विश्रांती घेत जोरात धावणं) यांसाठी वेगळी, हलकी जोडी आहे. कंपनी आणि मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते या वर्गातल्या बहुतेक बुटांना लागू पडेल.

घरच्या काट्यावर एक बूट 292 ग्रॅम भरला. टाचेखाली 38 मिमी आणि चवड्याखाली 32 मिमी जाडी, म्हणजे ड्रॉप, अर्थात या दोन्हींतला फरक, 6 मिमी. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने 2020 मध्ये रस्त्यावरच्या स्पर्धांसाठी सोलच्या जाडीला 40 मिमीची मर्यादा घातली. त्याच्या इतक्या जवळ जाणारी जाडी आता रोजच्या सरावाच्या बुटात मिळते, याचं मला अजूनही नवल वाटतं. वजनाचा हिशेब असा मांडतात, की प्रत्येक बुटामागे 100 ग्रॅम वाढले तर धावताना लागणारा ऑक्सिजन साधारण 1 टक्क्याने वाढतो. माझ्या हलक्या जोडीपेक्षा हा बूट 75 ग्रॅमने जड आहे. ईझी रनला ते अजिबात जाणवत नाही. एकदा यांच्यावरच टेम्पो करून पाहिला, तेव्हा मात्र पाऊल जमिनीवरून उचलायला उशीर होतोय असं सतत वाटत राहिलं. पुन्हा केला नाही.

पहिले तीन आठवडे पोटऱ्या दुखल्या. बूट मऊ असून असं का, हे आधी कळेना. मग लक्षात आलं की आधीच्या जोडीचा ड्रॉप 10 मिमी होता. ड्रॉप कमी झाला की टाच खाली येते आणि पोटरी व टाचेमागची शीर यांच्यावर ताण वाढतो. मी अंतर कमी केलं, सुरुवातीला आठवड्यातून एकदाच हे बूट घातले आणि दुखणं आपोआप गेलं. जास्त ड्रॉपवरून येणाऱ्यांनी पहिल्याच रविवारी 20 किलोमीटरला जाऊ नये, एवढं कळकळीने सांगते.

आता ज्यासाठी हे बूट घेतले त्याबद्दल. 30 किलोमीटरचा रन, पेस किलोमीटरला साडेसहा मिनिटांचा. मिनिटाला 168 पावलं धरली तर सव्वातीन तासांत जवळपास 33 हजार पावलं होतात, म्हणजे एकेका पायाला 16 हजारांवर. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार येतो. जुन्या जोडीवर चोविसाव्या किलोमीटरनंतर प्रत्येक धक्का गुडघ्यापर्यंत पोचायचा आणि मी नकळत पावलं आखडती घ्यायचे. या बुटांवर दम लागला, मांड्या जड झाल्या, पण तळपाय आणि गुडघे शेवटपर्यंत शाबूत राहिले. आणि दुसऱ्या दिवशी जिना सरळ उतरले, कठड्याला न धरता. माझ्यासाठी हाच या बुटांचा सगळ्यात मोठा गुण. यांनी मला वेगवान केलं नाही. दोन दिवसांनी पुन्हा धावता येईल इतके पाय ताजे ठेवले. दुखापत होणारच नाही असं मात्र कोणताही बूट करू शकत नाही. अंतर एकदम वाढवलं तर नडगी याही बुटात दुखते.

तक्रार मापाची आहे. मी नेहमीचाच नंबर घेतला, आणि 22 किलोमीटरनंतर डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. लांब अंतरात पाय सुजतो. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच, आणि माझ्याकडे ती जेमतेम निम्मी होती. थोडी मदत लेसनी केली. घोट्याजवळचं सगळ्यात वरचं जादा भोक बहुतेक जण रिकामं सोडतात. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत नेऊन छोटा फास करायचा, समोरच्या बाजूची लेस त्या फासातून ओवायची आणि मग खाली, टाचेच्या दिशेने ओढून गाठ मारायची. टाच घट्ट बसते, पाय पुढे सरकत नाही, आणि चवड्यावरची लेस सैल ठेवता येते. नख वाचलं, पण मोठ्या नंबराची गरज यातून भागत नाही.

पावसात अप्पर, म्हणजे बुटाचा वरचा भाग, लवकर भिजतं आणि सावकाश वाळतं. ओल्या रस्त्यावर पकड ठीक आहे, पण झेब्रा क्रॉसिंगच्या रंगवलेल्या पट्ट्यांवर दोनदा पाय सरकला. वाळवताना इनसोल काढून आत कागद कोंबते आणि सावलीत ठेवते. कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलं तर फोम आणि चिकटवलेले सांधे दोन्ही खराब होतात. कडाक्याच्या थंडीत पहिले दोन किलोमीटर मिडसोल (सोलमधला फोमचा थर) कडक वाटतो, मग मोकळा होतो. ईव्हीए या प्रकारच्या फोमचा तो स्वभावच आहे.

बुटांच्या आयुष्याबद्दल सगळेच विचारतात. आउटसोलचं, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या तळाचं, रबर बघाल तर फसाल. माझ्या जोडीचं रबर फक्त टाचेच्या बाहेरच्या कडेला झिजलंय, बाकीची नक्षी शाबूत आहे. थकलाय तो आतला फोम. त्यातले हवेचे बारीक कप्पे हजारो वेळा दाबले जाऊन हळूहळू बसतात. 500 किलोमीटरपर्यंत मला काही फरक जाणवला नाही. 600च्या पुढे मिडसोलच्या बाजूला, टाचेखाली, आडव्या बारीक सुरकुत्या दिसायला लागल्या. सुरुवातीला त्या फक्त दाबल्यावर उमटायच्या, आता बूट नुसता ठेवलेला असतानाही दिसतात. परवा जोडी टेबलावर ठेवून मागून, डोळ्यांच्या रेषेत पाहिली. उजवा सरळ उभा होता, डावा किंचित बाहेर कललेला. गेल्या महिन्यात डाव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला जी कुरकुर सुरू झाली होती, ती मी आधी थकव्यावर ढकलत होते.

त्या दिवसापासून यांच्यावर लाँग रन बंद केला. हेच मॉडेल पुन्हा आणलंय, अर्ध्या नंबरने मोठं. रविवारी नव्यांवर 18 किलोमीटर केले, दोन्ही अंगठे मोकळे होते. जुने आता चालायला जाताना घालते.