कपाटांच्या आत काय घातलंय, ते आधी बघा

आमचं स्वयंपाकघर लहान आणि जुनं. ओटा, सिंक, कपाटं असं सगळंच एकदम नवं करायचं ठरलं आणि काम एका ठेकेदाराला दिलं. त्याने जे केलं ते सविस्तर लिहितेय, कारण ही युक्ती त्याच्या एकट्याची नाही, असं नंतर आलेल्या सुताराने सांगितलं.

कोटेशनमध्ये ‘वॉटरप्रूफ प्लाय, 18 मिमी’ असं लिहिलं होतं. काम सुरू झालं तेव्हा दारात प्लायच्या शीट उतरल्या, कडेला कंपनीचा शिक्का, जाडीही बरोबर. आम्ही निर्धास्त झालो. त्या शीटमधून पुढची दारं तेवढी झाली. आतले सांगाडे मात्र “ताई, हे वर्कशॉपमध्ये मशीनवर कापून आणतो, फिनिशिंग चांगलं येतं” असं म्हणून तयारच आणले. सगळ्या बाजूंनी लॅमिनेट, कडांना पट्टी. आत काय आहे हे दिसायला जागाच ठेवली नव्हती.

सिंकचा सांधा जरासा ठिबकला आणि खालच्या कपाटाचा तळ फुगला. पाइप जिथून भिंतीकडे जातो तिथे मागच्या फळीला भोक पाडलेलं असतं, त्याच्या कडेवर लॅमिनेट नसतं. तिथे बोट घातलं तर ओल्या बिस्किटासारखा भुगा हाताला आला. प्लायमध्ये लाकडाचे पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात, ते कापलेल्या कडेला स्पष्ट दिसतात. इथे एकही थर नव्हता. सगळे सांगाडे पार्टिकल बोर्डचे, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचे निघाले. पार्टिकल बोर्ड वाईट असतो असं नाही, कोरड्या जागी तो चालतो. पण पैसे प्लायचे घेतले होते, आणि तो लावला सिंकखाली.

दारांची खात्री करायची असेल तर एक बिजागरी काढायला सांगा. तिच्या वाटीसाठी दाराला 35 मिमी व्यासाचं भोक पाडलेलं असतं, त्यात आतला माल उघडा दिसतो. आणि नुसतं ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नका. साध्या प्लायला युरिया फॉर्माल्डिहाइडचा गोंद असतो, तो सतत ओल लागली की सुटतो. पाण्यात टिकणाऱ्या प्लायला फिनॉल फॉर्माल्डिहाइडचा असतो. कापताना उरलेला तुकडा मागून घ्या आणि काही तास पाण्यात उकळा. थर सुटले तर उत्तर मिळालंच.

मापातली लबाडी तर मला जास्त लागली. प्रत्येक दाराची लांबी-रुंदी त्याने वरच्या अर्ध्या फुटापर्यंत ओढली होती. 22 इंच बाय 28 इंचाचं दार बिलात 24 बाय 30 झालं. दोन-दोन इंच ऐकायला किरकोळ वाटतात, पण क्षेत्रफळ 616 चौरस इंचांवरून 720 वर जातं, म्हणजे जवळपास 17 टक्के जास्त. लहान स्वयंपाकघरात दारं लहान आणि पुष्कळ, त्यामुळे ही वाढ दर दाराला पुन्हा पुन्हा होते. विचारल्यावर म्हणाला, “सगळे असंच धरतात.”

सिंक 304 या चांगल्या प्रतीच्या स्टीलचं म्हणून दिलं आणि लोहचुंबक चिकटत नाही हे करून दाखवलं. पण स्वस्तातल्या 202 स्टीलला तरी कुठे चिकटतं? निकेल कमी घालून त्यात मँगनीज जास्त असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि लवकर डागाळतं. आमच्या सिंकवर तांबूस ठिपके आलेच.

या सगळ्यात शेवटचा हप्ता त्याने ट्रॉल्या बसवायच्या आधीच घाईने मागून नेला होता. आता फोटो आणि मेसेज पाठवल्यावर त्याने सिंकखालचं एक कपाट बदलून दिलं, तेही बरीच बोलाचाली झाल्यावर. बाकीच्यांबद्दल अजून उत्तर नाही, म्हणून लेखी तक्रार करतोय.

तुमचं काम अजून सुरू व्हायचं असेल तर कोटेशनवर एवढं लिहून सही घ्या: सांगाडा, दार आणि मागची फळी यांचा माल व जाडी वेगवेगळी, माप बसवलेल्या वस्तूचं, इंचात, वर न ओढता, सांगाड्यांना लॅमिनेट लावण्याआधी आम्ही बघणार, आणि शेवटचा हप्ता सिंक व पाइप वापरून, गळती नाही हे पाहिल्यावरच.