कुलाबा किल्ल्यात चालत जायचंय: उधाणाचे दिवस धरावेत की भांगाचे?

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीला चालत जाता येतं. पण 'उधाण' ऐकलं की बरेच जण बेतच रद्द करतात आणि चांगले दिवस हातचे घालवतात. समुद्र खवळतो तो वाऱ्याने. उधाण वेगळं: अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, त्यामुळे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. अष्टमीच्या आसपास ही ओढ काटकोनात असते. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. तो भांग.

मुंबईला उधाणाची भरती सरासरी 4.4 मीटर, ओहोटी 0.8. भांगाची भरती 3.3, ओहोटी 1.9. म्हणजे भांगात पाणी पूर्ण ओसरलं तरी उधाणाच्या ओहोटीपेक्षा मीटरभर वरच राहतं. अलिबागलाही चित्र साधारण असंच, म्हणून भांगात वाटेवर पाणी उरतं. चालायचं तर उधाणच धरा.

त्यातही तिथी पाहा. तिथीची पाऊणपट केली की मुंबईकडची भरतीची वेळ मिळते, तिच्या सहा तास आधी ओहोटी. पौर्णिमेला भरती बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळी सहाला. बाहेरून येणाऱ्याला गैरसोयीची. तृतीयेला भरती सव्वादोनला, ओहोटी सव्वाआठला. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सर्वांत जास्त असतो, त्यामुळे द्वितीया ते चतुर्थी हे दिवस उत्तम. हा हिशेब अंदाजाचा आहे. दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या उतरत नाहीत. निघण्यापूर्वी त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच. गोव्याकडे भरती मुंबईच्या आधी येते, तिथे हे गणित लावू नका.

उधाणाचा धोका परतीच्या वाटेवर असतो. पाणी एकसारखं चढत नाही: पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा, तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी पाव. उधाणात हा पाव हिस्सा म्हणजे तासाला जवळजवळ 90 सेंटिमीटर. ओहोटीच्या तासभर आधी निघा, ओहोटीनंतर तासाभरात किनाऱ्यावर परत या. पावसाळ्यात तिथी कोणतीही असो, हा बेत नको.

कालवं काढणारेही उधाणाचीच ओहोटी धरतात, कारण एरवी बुडालेला खडक तेव्हाच उघडा पडतो. डोल जाळ्यालाही उधाण लागतं: खुंटांना बांधलेलं हे जाळं प्रवाहाच्या ओढीनेच भरतं, भांगात ओढ मंदावते. पोरांना उथळ पाण्यात डुंबायला न्यायचं असेल तर मात्र भांग बरा.