हॅम रेडिओसाठी डोंगरावर कोणती वायर अँटेना न्यायची: लिंक्ड डायपोल (केबल मधोमध जोडलेली) की एंड-फेड (केबल एका टोकाला जोडलेली)?

४० मीटर बँडसाठी (साधारण ४० मीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी) वायर दोन्हीत साधारण २० मीटरच लागते, खरा फरक खटपटीत आहे. डायपोलला कोॲक्स (रेडिओकडे येणारी केबल) मधोमध लटकते, वाऱ्यात अँटेना टांगलेला फिशिंग पोल पार वाकतो, आणि २० मीटर बँडवर जायचं तर खाली उतरवा, लिंक (वायरमधला जोड) उघडा, परत चढवा. पण ट्रान्सफॉर्मरच नाही त्यामुळे तिथे पॉवर वाया जात नाही, मला तरी हाच भरवशाचा वाटतो.

एंड-फेडला वायर केबलशी जुळवायला ४९:१ ट्रान्सफॉर्मर लागतो, त्यातला टोरॉइड (कड्यासारखा गाभा) छोटा असला तर तापतो, पण ४०, २०, १५, १० सगळे बँड वायरला हात न लावता मिळतात. फक्त टोकाला व्होल्टेज जास्त असतं, ते लोकांपासून लांब बांध.

एकटा कळसूबाईच्या गर्दीत चढणार असशील तर एंड-फेड, हरिश्चंद्रगडावर दोघं-तिघं मुक्कामी असाल तर डायपोलच.