डिप्रेशन आणि चिंतेसाठी स्व-मदतीची वही: काही महिने वापरल्यावर

चालणं, संथ श्वास, विचारांची नोंद, वेळेवर झोप. सगळीकडे मिळणारे हे सल्ले एका दोनशे पानी वहीत बांधून वापरले. त्रास सौम्य असेल तर वही चांगली साथ देते. त्यापुढे ती एकटी पुरत नाही.

जास्त उपयोग विचारांच्या नोंदीचा. चार रकाने: प्रसंग, मनात आलेला विचार, त्रास 0 ते 100, आणि त्या विचाराला खोडणारा पुरावा. हे दिवसाच, 15 मिनिटांत उरकायचं. रात्री अंथरुणात वही उघडली की तेच ते उगाळलं जातं आणि झोप उडते.

श्वास 4 मोजून आत, 6 मोजून बाहेर, पाच मिनिटं. धडधड कमी होते. पण बेळगावहून खानापूरच्या बसमध्ये जीव घाबरला म्हणून वाटेत पिरनवाडीलाच उतरलं, तर मन ‘उतरलो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतं; पुढच्या वेळी भीती स्टँडवरच गाठते. ‘श्वास मोजल्याशिवाय बसमध्ये चढायचंच नाही’ असं झालं की श्वासही पळवाट बनतो. भीती आपोआप ओसरेपर्यंत बसून राहावं लागतं. हे टप्प्याटप्प्यानं शिकवायला बहुतेकांना समुपदेशक लागतो.

‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला तर उलटतो. उठायचं बळच ज्या आजारात जातं, त्यात हे जमत नाही आणि वर ‘मीच आळशी’ हा ठपका बसतो. सकाळी सातला चप्पल घालून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, सुरुवातीला एवढंच. इच्छा होण्याची वाट पाहू नये.

दर 15 दिवसांनी पीएचक्यू-9 ही डिप्रेशन मोजणारी प्रश्नावली भरा: 9 प्रश्न, जास्तीत जास्त 27 गुण. 10 किंवा जास्त आले, किंवा महिन्याभरात आकडा हलला नाही, तर डॉक्टर गाठा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर बेरीज करत बसू नका. त्याच दिवशी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. अशा माणसाला एकटं सोडू नका. ऊस-तंबाखूच्या घरांत फवारणीची औषधं कुलपात आणि किल्ली दुसऱ्याकडे.

थायरॉइड, रक्त किंवा बी-12 जीवनसत्त्व कमी असणं यांचाही थकवा असाच दिसतो. तो रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या सरकारी मनोरुग्णालयात जाताना वहीची पानं न्या. कन्नड जमत नाही म्हणून ‘अशक्तपणा आहे’ एवढंच सांगितलं, तर सलाईन आणि ताकदीच्या गोळ्या घेऊन परत यायची वेळ येते. पूर्वी कधी झोप नसतानाही अंगात उधाण, वारेमाप खर्च असे दिवस आले असतील तर तेही सांगा, त्यावरून औषध बदलतं. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण 2 ते 4 आठवडे लागतात. बरं वाटलं तरी त्या स्वतःहून बंद करू नका; डॉक्टर हळूहळू कमी करतात.