लॅपटॉपची ‘नवी’ बॅटरी घेताय? स्टिकरवर जाऊ नका

नाशकात जुन्या सेलना नवं कवच आणि नवं स्टिकर चढवून लॅपटॉपच्या बॅटऱ्या खपवल्या जातायत. मी त्यात पोळलोय. बॅटरी बदलायचा विचार असेल तर आधी हे वाचा.

माझा लॅपटॉप जुना आहे, खालून बॅटरी काढता येते त्या काळातला. मशीन ठणठणीत, फक्त बॅटरी बसली होती. त्या मॉडेलची बॅटरी कंपनीकडे आता मिळत नाही, म्हणून एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. ‘काका, ओरिजिनल आहे, सीलपॅक. सहा महिने वॉरंटी, डोळे झाकून घेऊन जा.’ 1800 रुपये रोख घेतले. बिल मागितलं तर दुकानाच्या कार्डामागे तारीख आणि सही करून दिली. ‘काही झालं तर हे दाखवा, लगेच बदलून देतो.’

सुरुवातीला ठीक चाललं. मग एका संध्याकाळी लाइट गेली आणि 38 टक्के चार्जिंग दिसत असताना स्क्रीन काळी झाली. एका छोट्या दुकानदाराचा अख्खा महिन्याचा हिशेब उघडा होता. पुन्हा तेच झालं, आणि आता लॅपटॉपचं बूडही इतकं तापायला लागलं की मांडीवर ठेववेना.

बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराने चार्जरवर ढकललं. माझ्यासमोर कमांड प्रॉम्प्टमध्ये विंडोजच्या ‘पॉवरसीएफजी’ कमांडने बॅटरी रिपोर्ट काढला: क्षमता पूर्ण, सायकल काउंट (आतापर्यंत किती वेळा चार्ज होऊन वापरली) जवळपास शून्य. ‘बघा, कोरी करकरीत आहे. आता काय बोलणार?’

बोलला तो सातपूरचा एक कारागीर. यूपीएस आणि बॅटऱ्या दुरुस्त करण्यात त्याची हयात गेलीये. त्याने कवच जपून उचकटलं. आत सहा सेल, चार गुलाबी आणि दोन निळे. ‘दादा, नव्या पॅकमध्ये असे दोन रंगांचे सेल कधी बघितलेत?’ मग एक सेल उजेडात धरून त्याचं टोक दाखवलं. निकेलच्या नव्या पट्टीखाली आधीच्या पट्टीचे फाटलेले कपटे आणि जुन्या वेल्डिंगचे टिपके स्पष्ट दिसत होते. म्हणजे हे सेल कुठल्या तरी भंगार बॅटरीतून ओरबाडून काढलेले.

त्याने मीटर लावला. सेलच्या तीन जोड्या एकामागे एक जोडलेल्या असतात. दोन जोड्यांवर 3.7 व्होल्ट, तिसरीवर जेमतेम 2.8. एक जोडी म्हातारी झाली की बाकीच्यांत चार्ज शिल्लक असूनही आतलं संरक्षण सर्किट सगळा पॅक बंद करतं. 38 टक्क्यांवर अंधार व्हायचा तो यामुळे. आणि रिपोर्टमधले आकडे? ते बॅटरीतल्या चिपने सांगितलेले असतात, आणि ती चिप रिसेट करता येते. सेलचं वय मात्र रिसेट होत नाही.

स्टिकरवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-नंबर (नोंदणी क्रमांक) सुद्धा छापलेला होता. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला, तर निघाला भलत्याच कंपनीच्या अडॅप्टरचा. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या, पैसे देण्याआधी होते. मोबाईलवर फुकट आहे, संकोच करू नका. स्टिकरवर 18650 सेल (लॅपटॉपच्या बॅटरीतले नेहमीचे गोल सेल) आणि प्रत्येकी 5000 किंवा त्याहून जास्त एमएएच (क्षमतेचं माप) असा दावा दिसला तर तिथूनच परत फिरा. या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण 3500 च्या घरात थांबते. घरी आणल्यावर पूर्ण चार्ज करून चार्जर काढा, व्हिडिओ लावून ठेवा आणि टक्के कसे उतरतात ते बघा. हळूहळू उतरले तर ठीक. 60 वरून एकदम 20 वर उडी मारली तर लगेच दुकान गाठा.

लगेच म्हणतोय त्याला कारण आहे. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी बघून आपण गप्प बसतो. पण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. बिलावर परतीची मुदत लिहिलेली नसेल तर ती 30 दिवस धरतात. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कार्डामागची तारीख, उघडलेल्या बॅटरीचे फोटो, अ‍ॅपचा स्क्रीनशॉट, सगळं जोडलं. त्यानंतर दुकानातून फोन आला: ‘काका, दुसरी बॅटरी घेऊन जा, तक्रार मागे घ्या.’ दुसरी बॅटरी त्याच पेटीतली असणार. मला पैसेच हवेत, असं सांगितलंय. नाहीच दिले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि वकीलही सक्तीचा नाही.

तुमच्याकडे अशी तापणारी बॅटरी असेल तर ती आजच काढून ठेवा, रात्रभर चार्जिंगला लावू नका. घरी उघडून बघायच्या फंदात पडू नका, सेल शॉर्ट झाला तर पेट घेतो. घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. लॅपटॉपला जोडल्या जाणाऱ्या धातूच्या पिनांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. भंगारवाल्याला विकलीत तर तेच सेल नवं स्टिकर लावून पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात पडतील.