घरच्या वेल्डिंगसाठी स्वस्त इन्व्हर्टर मशीन: काही महिन्यांच्या वापरानंतर

पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत २०० छापलेलं हे मशीन मी अजून एकदाही २०० अँपिअरवर चालवलेलं नाही. घरच्या सॉकेटवर ते तेवढं चालणारही नाही. तरी खरेदी करताना बहुतेकांची नजर त्या एकाच आकड्यावर असते आणि विकणाऱ्यालाही ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून सारख्याच आकाराच्या डब्यावर कुणी २०० छापतो, कुणी २५०, कुणी त्याच्याही पुढे जातो.

माझं काम साधं आहे. स्क्वेअर पाईपचे रॅक, कुंड्यांचे स्टँड, काम करायचं एक दणकट टेबल, निखळलेले बिजागर, मोडलेल्या खुर्चीचा पाय. पाईप बहुतेक १.६ ते २ मिलिमीटर जाडीचा, अँगल आणि पट्ट्या ३ ते ५ मिलिमीटरच्या. एवढ्या कामात डिस्प्लेवरचा आकडा जवळजवळ कायम ५० ते ९५ च्या मध्येच राहतो. मशीन सिंगल फेजचं, आयजीबीटी (वीज वेगाने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) वापरणारा इन्व्हर्टर, फक्त रॉडने वेल्डिंग करणारं, पाच किलोच्या आसपास वजनाचं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या वर्गातली बरीच मशीनं नावं वेगळी असली तरी आतून मिळतीजुळती असतात.

आधी सॉकेटचा हिशोब. रॉडच्या आर्कला, म्हणजे रॉड आणि लोखंडाच्या मधल्या विजेच्या ज्योतीला, किती व्होल्ट लागतात याचं सोपं सूत्र आहे: अँपिअरला ०.०४ ने गुणायचं आणि त्यात २० मिळवायचे. ८० अँपिअरला साधारण २३ व्होल्ट, म्हणजे नुसत्या आर्कमध्ये १,८५० वॉट. मशीन स्वतः तापून थोडी वीज खातं. शिवाय स्वस्त मशीनमध्ये पॉवर फॅक्टर (लाइनमधून ओढलेल्या विजेतला खरोखर कामी येणारा वाटा) सुधारणारं सर्किट सहसा नसतं, त्यामुळे तो ०.७ च्या आसपास रेंगाळतो. हे सगळं धरलं की २३० व्होल्टच्या लाइनमधून १३-१४ अँपिअर ओढले जातात. १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे आरामात निभतं. १२० अँपिअरवर वेल्डिंग केलं तर लाइनवरचा भार २० च्या वर जातो आणि २०० ला ४० च्या आसपास. म्हणजे २०० चं मशीन घरी आणलं तरी आपल्या वाट्याला ९०-९५ च येतात. जास्त वापरायचे असतील तर मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी हवा, आणि ते काम इलेक्ट्रिशियनचं. मग मोठं मशीन घ्यायचंच नाही का? घ्यावं, पण वेगळ्या कारणासाठी: १६० किंवा २०० चं मशीन ८० वर चाललं की ते निवांत असतं.

निवांत म्हणजे काय, ते ड्यूटी सायकलवरून कळतं. पाटीवर '१६० अँपिअर, ६० टक्के' असं लिहिलं असेल तर दहा मिनिटांच्या हिशोबात सहा मिनिटं वेल्डिंग आणि चार मिनिटं विश्रांती, तीही साधारणपणे ४० अंश तापमान धरून. विकत घेताना ही ओळ आधी वाचा. ज्या पाटीवर मोठा आकडा आहे पण टक्केवारीच नाही, ते मशीन मी तरी घेणार नाही. घरच्या कामात एक रॉड मिनिटभर जळतो, मग स्लॅग (जोडावर जमणारा कडक थर) झाडा, ब्रश मारा, पुढचा तुकडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसवा, यातच पाच मिनिटं जातात. त्यामुळे थर्मलचा (मशीन जास्त तापल्याचा) पिवळा दिवा माझ्याकडे क्वचितच लागला, तोही टेबलाचे जाड पाय सलग जोडताना. दिवा लागला की मशीन बंद करायचं नाही. पंखा चालू राहू द्यायचा, तोच त्याला थंड करतो.

एक्स्टेंशन बोर्डाकडे फार कुणी लक्ष देत नाही. बारीक वायरच्या लांब बोर्डावर आर्क मरगळतो, रॉड चिकटतो आणि दोष मशीनला दिला जातो. २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, शक्य तितकी आखूड, आणि गुंडाळी पूर्ण सोडून ठेवा. गुंडाळलेली वायर तापून इन्सुलेशन वितळतं.

ट्रान्सफॉर्मरचं जुन्या पद्धतीचं मशीन घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. त्याला धुळीचं, ओलीचं, कशाचंच काही वाटत नाही आणि बिघडायला आत फारसं काही नसतं. पण उचलायला दोन माणसं लागतात आणि लाइनवर जोराचा झटका बसतो. शिवाय साध्या मशीनमधून एसी करंट मिळतो. इन्व्हर्टर आधी लाइनचा एसी डीसी करतो, मग तो हजारो वेळा सेकंदाला चालू-बंद करून छोट्याशा ट्रान्सफॉर्मरमधून काढतो, आणि बाहेर पुन्हा डीसी देतो. वजन त्यामुळे कमी. डीसीवर आर्क स्थिर राहतो आणि नवशिक्याच्या हाताला तो फार लवकर जमतो. हौशी माणसाने इन्व्हर्टरच घ्यावा, यात मला शंका नाही.

हॉट स्टार्ट, आर्क फोर्स (आर्क फार आखूड झाला की करंट वाढवणं), अँटी-स्टिक ही नावं जाहिरातीत सगळीकडे असतात. यातलं अँटी-स्टिक खरंच उपयोगी: रॉड चिकटला की करंट पडतो आणि मनगटाच्या एका हिसक्यात रॉड सुटतो. हॉट स्टार्ट जाड लोखंडावर वरदान आहे, पातळ पाईपवर मात्र डोकेदुखी. आर्क पेटवताना तो क्षणभर जास्त करंट सोडतो आणि नेमकं त्याच क्षणी पाईपला भोक पडतं. माझ्या मशीनवर तो कमी करता येत नाही. म्हणून आर्क थेट पाईपवर पेटवत नाही, शेजारी क्लॅम्प केलेल्या जाड पट्टीवर पेटवतो आणि तिथून जोडावर सरकतो. निवड करताना हॉट स्टार्टचा वेगळा नॉब दिसला तर त्या मशीनला एक गुण जास्त द्या.

पातळ पाईप हीच या मशीनची खरी परीक्षा, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर. १.६ मिलिमीटरच्या पाईपला मी २ मिलिमीटरचा ६०१३ रॉड (हा रॉडच्या प्रकाराचा क्रमांक) वापरतो, ४५ ते ५५ अँपिअरवर, आणि रॉड धरणारा होल्डर उण्या बाजूला लावतो, म्हणजे अर्थ क्लॅम्प (लोखंडाला लावायचा चिमटा) अधिकवर. तसं केलं की पाईपमध्ये शिरणारी उष्णता थोडी कमी होते. जाड लोखंडाला हेच उलटं करायचं. दोन तुकड्यांमध्ये फट दिसली की मी मशीन चालूच करत नाही, आधी ग्राइंडरने टोक सरळ करतो. रॉडच्या जाडीएवढी फट भरायचा हट्ट धरला तर भोक मोठंच होत जातं. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर छोटे टाके. टाका थंड होताना आकसतो आणि पाईपला स्वतःकडे ओढतो. एकाच बाजूने दोन टाके मारले की गुण्या लावल्यावर कोपऱ्यात उजेड दिसतो. चारही टाके झाल्यावर पुन्हा गुण्या लावायचा, गरज पडली तर हातोडीने ठोकून सरळ करायचं आणि मगच पूर्ण शिवण.

हेल्मेटच्या काचेतून पाहताना दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात: वितळलेलं लोखंड आणि त्यावर तरंगणारा स्लॅग. रॉडच्या टोकामागे चकचकीत, काठ स्पष्ट असलेलं छोटं तळं दिसतं, ते लोखंड. त्याच्या मागून मंद, लालसर, डुलणारा थर येतो, तो स्लॅग. हा थर तळ्याच्या पुढे येऊ लागला की आर्क लांब झालाय, रॉडचा कोन बिघडलाय किंवा हात संथ पडलाय. ६०१३ चा स्लॅग भरपूर असतो, त्यामुळे सुरुवातीला त्याच्याकडेच नजर जाते. आर्क जितका आखूड, जवळजवळ रॉडच्या तारेच्या जाडीएवढाच, तितकं तळं नीट दिसतं. नीट बसलेल्या शिवणीचा स्लॅग थंड होताना स्वतःच वळून सुटतो. ते बघायला मला अजूनही मजा येते.

रॉड ६०१३ चाच घ्या, २ आणि २.५ मिलिमीटर दोन्ही. २.५ ला ६० ते ९० अँपिअर पुरतात. ७०१८ हा दुसरा प्रकार जोड चिवट देतो, पण त्याला ओलं हवामान सोसत नाही आणि उघडं पाकीट वापरण्याआधी ओव्हनमध्ये चांगलं तापवावं लागतं. घरच्या रॅकसाठी एवढा खटाटोप कशाला. ६०१३ सुद्धा मी घट्ट झाकणाच्या डब्यातच ठेवतो. दमट रॉड तडतडतो आणि शिवणीत बारीक छिद्रं सोडतो.

आता मशीनसोबत खोक्यातून आलेल्या सामानाबद्दल. ते सगळं कामचलाऊ असतं. अर्थ क्लॅम्प पातळ पत्र्याचा, केबल आखूड, ब्रश-हातोडी खेळण्यातली. क्लॅम्प मी लगेच पितळी, जड स्प्रिंगचा घेतला. त्यानंतर आर्क इतका सुधारला की मशीनच बदलल्यासारखं वाटलं. बऱ्याच स्वस्त केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात. टोकाची एक तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. शंभर अँपिअरच्या आतल्या आखूड केबलला तेही चालतं, फक्त काम संपल्यावर हात लावून बघा. केबल किंवा मशीनच्या तोंडावरचा प्लग गरम लागत असेल तर प्लग पिळून घट्ट बसवलेला नाही, किंवा केबल कमी पडतेय.

हातात धरायचा तो प्लास्टिकचा शिल्ड मी वापरला नाही. पैसे वाचवायचे असतील तर मशीनमध्ये वाचवा, डोळ्यांत नको. ऑटो डार्कनिंग (आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं) हेल्मेट घ्या, शेड, म्हणजे काचेचा काळेपणा, ९ ते १३ बदलता येणारं. आमच्या करंटला १० किंवा ११ पुरते. चांगल्या प्रतीच्या काचेत अतिनील आणि अवरक्त किरण रोखणारा थर कायम असतो, ती काळी झालेली असो वा नसो. त्यामुळे काच काळी व्हायच्या आधीच्या क्षणाची भीती बाळगायचं कारण नाही. डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होते, आणि ती होते उघड्या डोळ्यांनी बघणाऱ्याला. म्हणून घरात मुलं असतील तर आडोशाशिवाय आर्क पेटवू नका. शर्टाचं वरचं बटणही लावा. गळ्याचा उघडा त्रिकोण उन्हात भाजल्यासारखा लाल होतो. कपडे सुती हवेत, नायलॉन अंगाला वितळून चिकटतं.

गॅल्व्हनाइज्ड पाईपचा पांढरा धूर जस्ताचा असतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी-ताप भरतो. जोडाजवळचा थर ग्राइंड करून काढायचा, तोही मास्क लावून, आणि काम उघड्यावर करायचं. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या धातूवर तर आर्क पेटवूच नका. त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. आणि कधीकाळी पेट्रोल किंवा तेल भरलेली बंद टाकी कुणी दुरुस्तीला आणून दिली तर सरळ नाही म्हणा, ती रिकामी दिसत असली तरी.

टिकाऊपणाबद्दल आत्तापर्यंत तक्रार नाही. पण एक सवय लावून घेतली आहे: ग्राइंडर चालताना मशीन लांब, पंख्याचं तोंड विरुद्ध दिशेला. लोखंडाची भुकटी पंखा आत ओढतो, ती सर्किट बोर्डावर बसते आणि वीज वाहून नेते. अधूनमधून प्लग काढून, थोडा वेळ थांबून, जाळीतून हलक्या दाबाची कोरडी हवा मारतो. डबा उघडायच्या फंदात पडत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर चार्ज काही वेळ राहू शकतो.

गाडीचा ०.८ मिलिमीटरचा पत्रा जोडायचा असेल तर मात्र हे मशीन घेऊ नका. त्याला गॅसवर चालणारं मिगच (रॉडऐवजी तार आपोआप पुढे सरकवणारं मशीन) हवं, आणि त्यासोबत सिलिंडर, रेग्युलेटर आणि ते ठेवायला जागा. गॅसशिवाय चालणाऱ्या फ्लक्स कोअर (पोटात भुकटी भरलेल्या) तारेचं छोटं मिग शिकायला सोपं आहे, पण ठिणग्या खूप उडतात आणि तार रॉडपेक्षा महाग पडते. ते घेतलंच तर टॉर्च उण्या बाजूला जोडता येते का ते बघून घ्या, त्या तारेला तेच लागतं. 'थ्री इन वन' (रॉड, मिग आणि टिग एकत्र) मशीनवरचं टिग, म्हणजे टंगस्टनच्या सुईने आर्क पेटवणारं वेल्डिंग, बहुधा फक्त डीसी असतं. त्यावर स्टील आणि स्टेनलेस होतं, ॲल्युमिनियमसाठी एसी टिग लागतं आणि त्याची किंमत वेगळ्याच घरातली. पुढेमागे मी मिग घेतलं तरी हे मशीन विकणार नाही. उघड्यावर वारा सुटला की गॅस उडून जातो. गेटचं बिजागर काही उचलून आत आणता येत नाही, तिथे रॉडच कामाला येतो.